ट्राउटच्या नदीवर जाण्यापूर्वी : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात हिमाचल प्रदेशातील तीर्थन नदीवरील फ्लाय फिशिंगविषयी, म्हणजे पिसे आणि दोरे बांधून केलेल्या कृत्रिम माशीने ट्राउट पकडण्याच्या छंदाविषयी, माहिती दिली होती. त्यावर आलेल्या पत्रांपैकी काहींना येथे उत्तरे देत आहे. एकच शंका अनेकांनी विचारली असेल, तर ती एकदाच घेतली आहे.

प्रश्न : मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही चौघे कुलू-मनालीला जाणार आहोत. वाटेत तीर्थन खोऱ्यात मुक्काम करून मार्गदर्शकासह ट्राउटची मासेमारी करावी असा विचार आहे. आमच्यापैकी कोणीही आजवर गळ हातात धरलेला नाही. मे महिना योग्य आहे का? (एक वाचिका, पुणे)

उत्तर : मे महिन्याचा पहिला पंधरवडा बहुधा चालतो, उत्तरार्ध मात्र शक्यतो टाळावा. महाराष्ट्रातील कुटुंबे ज्या दिवसांत हिमालयात जातात, नेमक्या त्याच दिवसांत वरचा बर्फ वेगाने वितळत असतो आणि नदी फुगून गढूळ होते. ट्राउट मुख्यतः डोळ्यांनी शिकार करणारा मासा आहे. पाणी गढूळ झाले की त्याला वरून वाहत येणारी बारीक माशी दिसत नाही, आणि वाढलेल्या प्रवाहात नवख्या माणसाला काठावर नीट उभेही राहता येत नाही. जून-जुलैत वितळलेल्या बर्फाच्या पाण्यात पावसाची भर पडते आणि सप्टेंबरच्या मध्यापर्यंत परिस्थिती फारशी सुधारत नाही. म्हणून जाणकार मंडळी मार्च-एप्रिल तरी निवडतात किंवा मध्य सप्टेंबर ते ऑक्टोबर हा काळ तरी पसंत करतात. माझे मत विचाराल तर ऑक्टोबरला तोड नाही, कारण तेव्हा पाणी उतरलेले असते, तळाचे गोटे मोजता येतील इतके ते नितळ असते आणि विणीपूर्वी मासे भरपूर खात असतात.

दिवाळीच्या सुट्टीचा बेत करणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेरपर्यंत बंद असते. हा ब्राउन ट्राउटच्या विणीचा काळ असून मादी उथळ पाण्यातील वाळू-खड्यांत शेपटीने खळगा करून अंडी घालते. त्या खड्यांवरून माणसे चालू लागली तरी अंडी चिरडली जातात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर उत्तम, पण २०२६ प्रमाणे ती नोव्हेंबरात आली, तर त्या सुट्टीत तीर्थनकाठी केवळ फिरायला जावे. कोणी ‘आम्ही सांभाळून घेतो’ असे सांगून त्या काळात गळ टाकायला नेत असेल, तर तो मार्गदर्शक नव्हे, हे ओळखावे.

मे महिन्यातच जाणे भाग असेल तर पहाटे लवकर नदीवर जावे. रात्री वर गारठा असल्याने बर्फ कमी वितळतो, त्यामुळे सकाळी पाणी तुलनेने कमी आणि स्वच्छ असते. दुपारच्या उन्हाने वितळलेले पाणी नंतर खाली पोहोचते. मुख्य नदी गढूळ असताना तिला मिळणारे लहान ओढे पुष्कळदा स्वच्छ असतात, आणि ते कोणते हे स्थानिक माणसालाच ठाऊक असते. मुलांविषयी म्हणाल, तर साधारण दहा वर्षांवरील मुलांना हे तंत्र मोठ्यांपेक्षा लवकर जमते, कारण ती ताकद लावायला जात नाहीत. त्याहून लहान मुलांना नदीकाठचा दगड हळूच उलटून त्याखालच्या अळ्या दाखवाव्यात आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायला सांगावे. ट्राउट काय खातो हे त्यांना तेथेच कळते आणि हा खेळ गळापेक्षा जास्त वेळ रंगतो.

प्रश्न : नदी सर्वांची, परवाना सरकारी कार्यालयात मिळतो, साहित्य विकत घेता येते, मग मार्गदर्शकाचे दिवसाचे शुल्क कशासाठी द्यायचे? आणि द्यायचेच तर चांगला मार्गदर्शक ओळखायचा कसा? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : मासा पकडून देण्यासाठी आपण हे पैसे देतो अशी समजूत असेल, तर निराशाच पदरी पडेल. मार्गदर्शक विकतो ते नदीचे वाचन. वरवर पाहता तीर्थनचे पाणी सगळीकडे सारखेच खळाळते, पण ट्राउट त्यात मोजक्याच ठिकाणी उभा असतो. त्याला प्रवाहाशी झुंजण्यात शक्ती घालवायची नसते, परंतु प्रवाहातून वाहत येणारे अन्न मात्र हवे असते. त्यामुळे मोठ्या धोंड्याच्या पुढची आणि मागची शांत जागा, वेगवान आणि संथ पाण्याच्या मधली सीमारेषा, खळाळ संपून डोह सुरू होतो तेथील उतार आणि काठाने आत कोरलेली कपार या त्याच्या बैठका ठरतात. तो तोंड प्रवाहाकडे करून उभा राहतो, म्हणून त्याच्याकडे खालच्या बाजूने, सावली पाण्यावर पडू न देता जावे लागते. हे सारे पुस्तकात वाचता येते. मात्र ‘त्या तिरक्या देवदारासमोरच्या दगडामागे एक असतो, पण सकाळी नऊनंतर नसतो’ हे ज्ञान केवळ त्या गावात वाढलेल्या माणसाकडे असते.

चांगला मार्गदर्शक पहिल्या तासाला आपल्याला नदीत उतरवतच नाही. तो एखाद्या कुरणात किंवा घराच्या अंगणात गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून दोरी फेकायला शिकवतो. हा तास वाया गेला असे अनेकांना वाटते आणि ते तक्रारही करतात. वास्तविक दिवसभरातील सर्वांत मोलाचा तास तोच असतो.

ठरवण्यापूर्वी काही गोष्टी फोनवरच स्पष्ट करून घ्याव्यात. परवाना प्रत्येकाच्या नावे आणि त्या-त्या दिवसाचा असतो. तो मत्स्य विभागाकडून कोण काढणार, आणि तो प्रत्यक्ष हातात मिळणार का, हे विचारावे. एका मार्गदर्शकामागे किती पाहुणे असतील हेही विचारावे; नवख्यांसाठी दोन पुरे, चार म्हणजे दोघांना दिवसभर गुंता सोडवत बसावे लागणार. रॉड, रीळ, पाण्यात चालण्याचे बूट आणि माशा शुल्कात धरलेल्या आहेत का, पाऊस येऊन नदी बिघडली तर पैसे परत मिळतात की दिवस बदलून मिळतो, हे प्रश्न नाजूक वाटले तरी आधीच विचारलेले बरे. सर्वांत शेवटी, ‘किती मासे मिळतील?’ हा प्रश्न टाकून पाहावा. जो आकडा सांगेल त्याला टाळावे; जो ‘पाणी बघून सांगतो’ म्हणेल त्याच्याबरोबर जावे.

काश्मीरला जाणाऱ्यांसाठी थोडे वेगळे आहे. तेथे लिद्दर, सिंध यांसारख्या नद्यांचे ‘बीट’, म्हणजे ठरावीक लांबीचे पट्टे, पाडलेले असतात आणि परवाना विशिष्ट बीटसाठी विशिष्ट दिवशी मिळतो. हंगाम एप्रिल ते सप्टेंबर असा आहे. चांगले बीट आधी भरतात, म्हणून तेथे मार्गदर्शकाशी लवकर बोलणी करणे सोयीचे ठरते.

प्रश्न : लहानपणापासून मी वैनगंगेवर बांबूच्या काठीने, गांडूळ लावून गळ टाकत आलो आहे. फ्लायच्या रॉडने वेगळे काय होते? माझ्याकडे स्पिनिंगचा रॉड आहे, तो चालणार नाही का? (एक वाचक, भंडारा)

उत्तर : आपल्या गळाला शिसे किंवा आमिषाचे वजन असते, आणि ते वजन दोरीला ओढत पुढे नेते. फ्लायचे वजन जवळजवळ नसतेच. पिसाला कितीही जोरात फेकले तरी ते समोरच पडणार. म्हणून येथे वजन दोरीत असते. जाड, लेप दिलेली दोरी प्रथम मागे हवेत पूर्ण उलगडू द्यायची आणि मगच पुढे आणायची. आसूड ओढणाऱ्याच्या हाताला हा ठेका सहज कळतो, फक्त कडाका काढायचा नसतो. कडाका वाजला तर टोकाची माशी तुटून गेली असे समजावे. नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे मागची दोरी उलगडण्याआधीच हात पुढे आणणे. मागे झाडी असेल तर दोरी मागे न नेता पाण्यावरूनच गुंडाळी करून पुढे सोडण्याची ‘रोल कास्ट’ ही पद्धत शिकावी. तीर्थनचे काठ झाडीचे असल्याने तेथे तिचीच गरज अधिक पडते.

दोरीच्या टोकाला निमुळता होत जाणारा पारदर्शक ‘लीडर’ असतो आणि त्याचा शेवटचा भाग ‘टिपेट’. ट्राउटसाठी साधारण नऊ फुटांचा, चार किंवा पाच क्रमांकाचा (हा क्रमांक दोरीच्या वजनाचा असतो) रॉड आणि ‘४एक्स’ किंवा ‘५एक्स’ टिपेट पुरते. ५एक्स म्हणजे जेमतेम ०.१५ मिलिमीटर जाडीचा धागा. आपल्या वैनगंगेच्या दोरीपुढे तो नाहीच म्हणावा लागेल. म्हणूनच मासा लागल्यावर खेचाखेच न करता रॉडला वाकू द्यावे लागते.

खरे कौशल्य मात्र फेकण्यापेक्षा नंतर लागते. माशी पाण्यावर पडल्यावर ती सुटी, प्रवाहाच्याच वेगाने वाहिली पाहिजे. मधल्या वेगवान धारेने दोरी ओढली की माशी पाण्यावर रेघ ओढत पळू लागते आणि खरी माशी असे करत नसल्याने ट्राउट तिच्याकडे पाहतही नाही. यासाठी दोरी पडताच तिचा मधला भाग उचलून प्रवाहाच्या वरच्या बाजूला टाकतात. तरंगणाऱ्या माशीवर मासा वर येताना दिसतो, त्यामुळे सर्वांना तीच आवडते. पण ट्राउटचे बहुतांश अन्न पाण्याखाली असते, म्हणून तळाजवळून वाहणाऱ्या, अळीसारख्या ‘निम्फ’ने मासे अधिक मिळतात. ज्याला बांबूच्या काठीवर गळाची हलकीशी ओढ ओळखता येते, तो निम्फवर इतरांपेक्षा लवकर तरबेज होईल, याविषयी मला शंका नाही.

स्पिनिंगच्या, म्हणजे वजनदार आमिष दूर फेकण्याच्या, रॉडने ट्राउट मिळतो, परंतु त्याने फ्लाय टाकता येत नाही. तोच वापरायचा असेल तर परवान्यावर कोणत्या साधनांना आणि आमिषांना मुभा आहे ते आधी वाचून घ्यावे.

प्रश्न : मासा पकडायचा, फोटो काढायचा आणि पुन्हा सोडायचा, यात दया कसली? खायचा नसेल तर त्याला छळायचे कशाला? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : प्रश्न रोखठोक आहे आणि छंदाच्या प्रेमापोटी तो टाळणे योग्य होणार नाही. माशांना काहीच जाणवत नाही, हा जुना युक्तिवाद आता टिकत नाही. स्कॉटलंडमधील रोझलिन संस्थेत रेनबो ट्राउटवर केलेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या माशाच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू आढळले. माशाला होणारी वेदना आपल्यासारखीच असते का, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे; पण गळाने त्याला त्रास होतो हे गृहीत धरूनच वागावे, असे माझे मत आहे. ज्यांना हे पटत नाही त्यांनी मासेमारी करू नये, आणि त्यांचा निर्णय माझ्या निर्णयापेक्षा अधिक स्वच्छ आहे हे मी मान्य करतो.

मात्र ‘सोडणे म्हणजे पुण्य, खाणे म्हणजे पाप’ असे सरधोपट समीकरणही मला पटत नाही. ब्राउन ट्राउट हा हिमालयाचा मूळ रहिवासी नाही. १८९९ मध्ये इंग्लंडहून काश्मीरसाठी पाठवलेली अंडी वाटेतच नष्ट झाली, पुढील वर्षी पाठवलेली जगली, आणि काश्मीरमधून १९०९ च्या सुमारास हा मासा कुलू खोऱ्यात आणण्यात आला. या पाहुण्यामुळे तेथील मूळच्या हिमालयीन माशांना जागेसाठी आणि अन्नासाठी स्पर्धक मिळाला. त्यामुळे परवान्यात ठरवून दिलेल्या संख्येच्या आणि लांबीच्या मर्यादेत एखादा ट्राउट घरी नेऊन खाल्ला, तर निसर्गाचा अपराध होतो असे मी मानत नाही. तीर्थनकाठच्या घरगुती निवासांत ताटात येतो तो बहुतेक वेळा नदीतला नव्हे, तर तळ्यात वाढवलेला रेनबो ट्राउट असतो. त्याच्या शेतीला हिमाचलमध्ये १९९० च्या सुमारास नॉर्वेच्या साहाय्याने पतलीकूहल येथे चालना मिळाली.

महासीरची गोष्ट अगदी उलट आहे. रामगंगा, शारदा आणि गंगेच्या उपनद्यांतील सोनेरी महासीर हा येथलाच मासा असून जागतिक पातळीवर तो संकटग्रस्त मानला जातो. धरणांनी त्याचा विणीसाठी वर जाण्याचा मार्ग अडवला आणि सुरुंगांनी व विषाने त्याची कत्तल केली. तो सोडलाच पाहिजे, त्यात मतभेदाला जागा नाही.

सोडायचाच असेल तर तो जगेल अशा रीतीने सोडावा. गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकावा, म्हणजे गळ सहज निघतो. मासा दमून निपचित होईपर्यंत खेळवत बसू नये. हात लावण्यापूर्वी ते पाण्यात ओले करावेत, कारण कोरड्या हातांनी त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे बुरशीचा संसर्ग होतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. फोटो मासा पाण्यात असतानाच काढावा; आणि तो स्वतः पोहत जाईपर्यंत तोंड प्रवाहाकडे ठेवून त्याला हलका आधार द्यावा. छातीशी मासा धरून हसतमुखाने दहा-दहा फोटो काढणाऱ्यांनी ‘आम्ही सोडतो’ असे सांगू नये. त्यांचा मासा पुष्कळदा खालच्या वळणावर मरतो.

प्रश्न : मला पोहता येते. तरीही मार्गदर्शकाने कमरेच्या वर पाण्यात उतरू दिले नाही. ही भीती अनाठायी नाही का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : कृष्णेच्या डोहात पोहणे आणि हिमनदीच्या थंड पाण्यात, शेवाळलेल्या गोट्यांवर प्रवाहाविरुद्ध उभे राहणे यांत फार अंतर आहे. अशा थंडीत हातपाय काही मिनिटांतच काम करेनासे होतात. गुडघ्याच्या वर वेगवान पाण्यात उतरण्याची ट्राउटसाठी क्वचितच गरज असते, आणि मासे बहुधा काठाजवळच असतात. पाण्यात घालायचा उंच पायजमा असेल तर कमरेला पट्टा आवळलेला हवा, नाहीतर पडल्यावर तो पाण्याने भरतो. पाय सुटलाच तर उभे राहण्याची धडपड न करता पाठीवर, पाय पुढे करून वाहत जावे आणि संथ पाण्यात काठ गाठावा.

धरणांचा विषय याहून गंभीर आहे. ८ जून २०१४ रोजी हिमाचलमधील थलौट येथे ब्यास नदीच्या पात्रात उतरलेले हैदराबादचे २४ अभियांत्रिकी विद्यार्थी लारजी धरणातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. तीर्थन नदी त्याच लारजीपाशी ब्यासला मिळते. तीर्थनवर वर मोठे धरण नाही. पण शेजारच्या सैंज नदीवर आणि ब्यासवर जलविद्युत प्रकल्प आहेत. तेथे पात्राच्या मध्यावरील खडकावर जाऊन गळ टाकणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. तीर्थनवर धोका असतो तो वरच्या डोंगरात कोसळणाऱ्या पावसाचा. आपल्या डोक्यावर ऊन असतानाही पाणी एकाएकी गढूळले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या वाहू लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर साहित्य गोळा करण्यात वेळ न घालवता वर चढावे. आपल्या मार्गदर्शकाने योग्य तेच केले.

प्रश्न : इतक्या दूर जाण्यापेक्षा सह्याद्रीतल्या नद्यांवर हे का होत नाही? आपल्याकडेही महासीर आहे ना? (एक वाचिका, महाड)

उत्तर : आहे. आपण ज्याला खडस म्हणतो तो दख्खनी महासीरच होय, आणि त्याचे सर्वांत सुंदर दर्शन आपल्याच तालुक्यात, काळ नदीवरील वाळणकोंडीत घडते. तेथे वरदायिनी देवीच्या श्रद्धेने हे मासे राखले गेले आहेत. भाविक त्यांना कुरमुरे घालतात आणि कोणीही गळ टाकत नाही. हा नियम कोणत्याही कायद्यापेक्षा उत्तम पाळला गेला आहे. पर्यटनाच्या नावाखाली त्याला धक्का लावू नये.

लोणावळ्यात वळवण येथे टाटांच्या वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून महासीरची कृत्रिम पैदास केली आणि त्याची पिल्ले इतर राज्यांतील नद्यांतही सोडली गेली. हा प्रयत्न मोठाच होता, पण त्यातून एक धडाही मिळाला. कावेरीत सोडलेले हे निळसर परांचे महासीर वाढले आणि तेथील मूळचा, पाठीला उंचवटा असलेला महासीर मात्र झपाट्याने घटत गेला. २०१८ मध्ये संशोधकांनी त्या मूळ माशाची शास्त्रीय ओळख ‘टॉर रेमादेवी’ अशी निश्चित केली, तोवर तो नामशेष होण्याच्या उंबरठ्यावर आला होता. कोणत्याही नदीत बाहेरचे पिल्लू सोडण्यापूर्वी तेथे आधीपासून कोण राहते हे पाहायला हवे होते.

सह्याद्रीतल्या बहुतेक नद्या उन्हाळ्यात डोहांपुरत्या उरतात आणि पाणी ट्राउटला सोसणार नाही इतके तापते. जलाशयांत मासेमारीचे हक्क बहुधा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. हौशी माणसाने गळ घेऊन जाण्यापूर्वी त्यांची परवानगी घेणे हा कायद्याइतकाच शिष्टाचाराचा भाग आहे. दोरी फेकण्याचा सराव मात्र महाडच्या कोणत्याही मोकळ्या मैदानावर, लोकरीचा तुकडा बांधून, आजच सुरू करता येईल.

प्रश्न : मी ऑकलंडला राहतो आणि तेथे ट्राउट पकडतो. भारतात येताना माझे बूट आणि साहित्य आणू का? (एक वाचक, न्यूझीलंड)

उत्तर : रॉड आणि रीळ अवश्य आणावेत, बूट शक्यतो येथेच भाड्याने घ्यावेत. न्यूझीलंडमधील काही नद्यांत ‘डिडिमो’ हे शेवाळ पसरले असून ते बुटांच्या ओलाव्यातून एका नदीतून दुसऱ्या नदीत जाते. याच कारणाने तेथे २००८ मध्ये नमद्याच्या तळव्यांच्या बुटांवर बंदी आली, हे आपल्याला माहीत असेलच. बूट आणायचेच असतील तर ते घासून, निर्जंतुक करून, आतून-बाहेरून पूर्ण कोरडे झाल्यावर आणखी दोन दिवस तसेच ठेवावेत आणि मगच बॅगेत भरावेत. परतीच्या वेळीही तेच करावे, कारण आपल्या विमानतळावरील जैवसुरक्षा अधिकारी ते बूट बाहेर काढायला सांगतील आणि ते ओले असल्यास ताब्यात घेतील.